हमीदा बानू पहलवान : मिर्झापूर ते कल्याण

तालीम हा शब्द आमच्या उर्दू शाळेत दिवसातून पन्नास वेळा तरी उच्चारला जातो. आमच्याकडे तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द कोल्हापूर-पुण्याकडे गेला, लाल मातीच्या हौद्याशेजारी बसला आणि मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा झाला. उस्तादचा वस्ताद झाला, पहलवानचा पैलवान झाला. खुद्द कुस्ती हा शब्दही फारसीतून आलेला आहे. मराठी आणि उर्दू या दोन भाषा एकाच मातीत किती काळ घुमल्या आहेत हे पाहायचे असेल तर ग्रंथालयात जाण्याऐवजी एखाद्या तालमीत जावे.

मात्र या शब्दभांडारात एक उणीव आहे. पैलवान या शब्दाला स्त्रीलिंगी रूप नाही. १९५४ साली इंग्रजी वर्तमानपत्रांना एका मुसलमान बाईच्या कुस्त्यांच्या बातम्या द्याव्या लागल्या, तेव्हा त्यांनी तिला 'अलीगढची ॲमेझॉन' म्हटले. ग्रीक पुराणातल्या लढवय्या स्त्रियांना ॲमेझॉन म्हणत. आपल्याकडच्या बाईसाठी शब्द थेट ग्रीसमधून आणावा लागला! त्या बाईचे नाव हमीदा बानू. ४ मे २०२४ रोजी गुगल कंपनीने आपल्या भारतातील मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले आणि एका दिवसासाठी सगळ्या देशाला हे नाव कळले. आमच्या स्टाफरूममध्येही दोन दिवस चर्चा झाली. "पहिली महिला पहलवान, आपल्या कौमची," एवढे म्हणून प्रत्येकाने अभिमान वाटून घेतला. पण त्या कोण होत्या, कोणाशी लढल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. त्यांच्या आयुष्याचा शेवट आपल्या महाराष्ट्रात, कल्याणला झाला हेही बहुतेकांना ठाऊक नव्हते. हा लेख त्यासाठी आहे.

हमीदा बानूंची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी त्या काळातला कुस्तीचा धंदा समजून घेतला पाहिजे. धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानातला मोठा पैलवान संस्थानिकाच्या आश्रयाने जगत असे. त्याचा खुराक, राहणे, इनाम सगळे दरबारातून येई. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले आणि उत्तरेकडच्या पैलवानांनाही तेथे आणले. पतियाळा, बडोदा ही संस्थानेही याच कामासाठी प्रसिद्ध होती. गामा आणि त्यांचे बंधू इमामबक्ष याच व्यवस्थेत वाढले. पुढे १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ही मंडळी पाकिस्तानात राहिली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर आणि १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. राजा गेला तसा खुराकही गेला. कुस्ती टिकली ती तिकिटावर. आता पैलवानाच्या पाठीशी महाराजांऐवजी ठेकेदार उभा राहिला. मैदान भाड्याने घ्यायचे, भित्तिपत्रके लावायची, नावाजलेल्या जोडी जाहीर करायच्या आणि गल्ला गोळा करायचा, हे त्याचे काम. लोक जमतील असे काहीतरी वेगळे त्याला दर महिन्याला दाखवावे लागे. हमीदा बानू या नेमक्या संधिकालातल्या पहलवान आहेत. दरबार संपत आलेला होता आणि सरकारी क्रीडाखात्याचा जमाना अजून यायचा होता.

त्या मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. मिर्झापूरच्या स्थानिक पैलवानांना व लोकांना बाईने कुस्ती खेळणे पसंत नव्हते, म्हणून त्यांनी गाव सोडले आणि त्या अलीगढला आल्या. तेथे सलाम पहलवान नावाच्या उस्तादाच्या हाताखाली त्या तयार झाल्या. गाव सोडल्याशिवाय कुस्ती नाही आणि उस्तादाशिवाय गती नाही, अशी ती परिस्थिती होती. ज्या हाताने पेच शिकवले त्याच हातात पुढे पैशाची थैली आणि आयुष्याची दोरीही गेली. याविषयी पुढे येईलच.

१९४४ मध्ये त्यांचे नाव मुंबईत एवढे गाजले होते की गुंगा पहलवानाशी त्यांची कुस्ती ठरल्यावर सुमारे २०,००० लोक जमले. गुंगा म्हणजे साधासुधा गडी नव्हे. इमामबक्षसारख्याशी दोन हात केलेला तो पैलवान. पण ऐनवेळी ही कुस्ती रद्द झाली. गुंगाने जादा पैसे आणि तयारीला जादा वेळ मागितला व आयोजकांना ते मान्य करता आले नाही. चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. ही बातमी त्या वेळच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आली होती. यातून दोन गोष्टी दिसतात. बाईची कुस्ती पाहायला वीस हजार माणसे पैसे मोजून येत होती, ही पहिली. आणि पुरुष पैलवानाला अशा कुस्तीत मिळवण्यासारखे फार थोडे होते, ही दुसरी. जिंकला तर बाईला पाडले म्हणून कोणी फेटा बांधणार नाही आणि हरला तर तोंड दाखवायला जागा नाही. त्यामुळे जो उतरेल तो एक तर अडलेला किंवा आधीच ठरवून आलेला, असा संशय प्रेक्षकांच्या मनात पहिल्यापासून असे. हा संशय हमीदा बानूंच्या मागे आयुष्यभर लागला.

फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी जाहीर आव्हान दिले, की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. या आव्हानानंतर त्यांनी पतियाळाच्या एका आणि कलकत्त्याच्या एका नामांकित पैलवानाला हरवले. या अटीवर आज बरेच कौतुकाचे लिहिले जाते. माझे मत जरा वेगळे आहे. अशी अट नवी नाही. मार्को पोलोने आपल्या प्रवासवर्णनात कैदूखान नावाच्या मंगोल सरदाराच्या मुलीची हकिकत दिली आहे. तीही लग्नाला आलेल्या प्रत्येकाशी कुस्ती खेळे आणि हरणाऱ्याकडून घोडे घेई. लोककथेत ही अट मुलीचा स्वाभिमान दाखवते. तिकिटाच्या खेळात मात्र ती जाहिरात असते, आणि मला तरी तीत ठेकेदाराच्या डोक्याचा वास येतो. लग्नाचे नाव काढले की गर्दी दुप्पट होते, हे त्या मंडळींना चांगले कळत होते. हमीदा बानूंनी ही अट स्वखुशीने घातली असेलही. पण तिचा फायदा कोणाच्या खिशात गेला हा प्रश्न विचारायलाच हवा.

वर्तमानपत्रांनी त्यांच्या देहाचे माप मोठ्या आवडीने छापले. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोजचा खुराक म्हणजे साडेपाच लिटरहून जास्त दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, तेवढेच बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन प्लेट बिर्याणी. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत. महायुद्धापासून चालत आलेले रेशनिंग तेव्हा कुठे उठत होते; अशा दिवसांत हा खुराक वाचून वाचकांचे डोळे विस्फारले असतील. त्यात थोडे मीठमसाल्याचे असणार, कारण पैलवानाचा खुराक वाढवून सांगणे ही ठेकेदाराची जुनी रीत आहे. पण सहा तासांची मेहनत कोणी उगाच करीत नाही. जोर आणि बैठका मारणाऱ्यालाच तिची किंमत कळते.

मे १९५४ मध्ये त्या बडोद्याला गेल्या. आधी त्यांची कुस्ती छोटा गामा नावाच्या पैलवानाशी ठरली होती. बडोद्याच्या महाराजांचा त्याला आश्रय होता. पण बाईशी कुस्ती खेळणार नाही असे सांगून त्याने माघार घेतली. मग बाबा पहलवान मैदानात उतरला. १ मिनिट ३४ सेकंदांत हमीदा बानूंनी त्याला चितपट केले. या पराभवानंतर त्याने धंदेवाईक कुस्ती सोडली. ४ मे १९५४ च्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली, आणि गुगलने चित्रासाठी तोच दिवस निवडला. तोवर आपण ३२० कुस्त्या जिंकल्याचा हमीदा बानूंचा दावा होता. त्याच वर्षी मुंबईत रशियाची 'अस्वलीण' म्हणून जाहिरात झालेल्या वेरा चिस्तिलिन या महिला पहलवानालाही त्यांनी एका मिनिटाच्या आत हरवले.

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे त्यांचे स्वागत कसे झाले हे सांगताना थोडी मान खाली घालावी लागते. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी त्यांची कुस्ती ठरली होती. तेथील राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतली व ती रद्द करावी लागली. कोल्हापुरात सोमासिंग पंजाबी याच्याशी कुस्ती झाली, हमीदा बानू जिंकल्या आणि लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. कुस्ती लुटुपुटूची होती असे प्रेक्षकांचे म्हणणे. उर्दूत याला नूरा कुस्ती असा फार नेमका शब्द आहे. दोघांनी आधी संगनमत करायचे आणि मैदानात घाम गाळल्याचे सोंग आणायचे.

लोकांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे मला वाटत नाही. या खेळांच्या कार्यक्रमात हमीदा बानूंच्या कुस्तीनंतर एक लंगडा आणि एक आंधळा पैलवान यांची जोडही लावलेली असे. त्यातली एक कुस्ती तर एका गड्याचा दात दुखतो म्हणून रद्द झाली आणि दुसऱ्याला विजयी घोषित केले गेले! असे कार्यक्रम पाहिल्यावर ज्या कोल्हापूरकरांनी खासबागेत निकाली कुस्त्या पाहिल्या होत्या, त्यांचा संताप समजू शकतो. पुढे मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली. हमीदा बानूंनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. देसाईंचे उत्तर असे, की बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही, तर आयोजक त्यांच्यासमोर 'डमी' पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या म्हणून आहे. (आमचे औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात होते. मोरारजींचा हुकूम १९५६ पर्यंत आमच्या वेशीच्या आत चालत नव्हता.)

देसाईंचे उत्तर नीट वाचले पाहिजे. तक्रार आयोजकांविरुद्ध होती आणि शिक्षा पहलवानाला झाली. ज्याने डमी उभा केला त्याचा धंदा दुसऱ्या जोडीवर चालू राहिला. शिवाय फक्त वेळ कमी लागला म्हणून कुस्ती खोटी ठरत नाही. गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची १९१० ची लंडनमधली कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली आणि निकाल लागला नाही. तेच दोघे १९२८ मध्ये पतियाळाला भेटले तेव्हा झ्बिस्को एका मिनिटाच्या आत आडवा झाला. त्या कुस्तीला कोणी नूरा म्हटले नाही. मुंबईत त्याच काळात किंग काँग, दारासिंग यांच्या फ्रीस्टाईल कुस्त्यांना तुडुंब गर्दी होत असे. त्यातल्या कितीतरी आधी ठरलेल्या असतात अशी कुजबुज तेव्हाही होती, पण लोक टाळ्या वाजवत घरी जात. मग दगड हमीदा बानूंवरच का? माझे उत्तर सरळ आहे. काही कुस्त्या नक्कीच ठरलेल्या असतील, काही खऱ्या असतील. सत्तर वर्षांनंतर कोणती कोणती हे वेगळे काढता येणार नाही. पण ठरलेल्या कुस्तीत बाई जिंकते हे पाहणे लोकांना ठरलेल्या कुस्तीपेक्षा जास्त झोंबत होते.

येथे त्या हरणाऱ्या पैलवानांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. सोमासिंग पंजाबी, बाबा पहलवान, पतियाळा-कलकत्त्याचे ते दोघे. त्यांची नावे आज फक्त हमीदा बानूंच्या यादीत उरली आहेत. आश्रय गेलेला, वय वाढत चाललेले, घरी खाणारी तोंडे. अशा पैलवानाला ठेकेदार गाठतो आणि पाठ टेकण्याचे पैसे देतो. प्रत्येकाचे असेच झाले असे मी म्हणत नाही. पण धंदेवाईक कुस्तीत हरणे हेही एक काम असते आणि ते कोणीतरी करतोच. ज्या कुस्तीत दोघेही पोटासाठी उतरले आहेत तिला खोटी म्हणणे सोपे आहे. दोघांची भूक मात्र खरी होती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत याच काळात मिल्ड्रेड बर्क नावाची एक महिला पहलवान होती. १९३० च्या दशकात ती गावोगावच्या जत्रांमध्ये पुरुषांशी कुस्ती खेळे. दहा मिनिटांत जो तिला पाडील त्याला २५ डॉलरचे बक्षीस असे. सुमारे दोनशे पुरुषांशी ती लढली आणि त्यातला एकच जिंकला असे सांगतात. तिचा उस्ताद, ठेकेदार आणि नवरा एकच होता, बिली वुल्फ. त्याने तिच्या कमाईवर राज्य केले, तिला मारहाण केली. दोघे वेगळे झाल्यावर त्याने आपले वजन वापरून तिचे मैदान बंद करण्याचा प्रयत्न केला. अलीगढ आणि अमेरिका यांच्यात सात समुद्र आहेत, पण बिली वुल्फ ओळखायला आपल्याला दुभाषी लागत नाही.

बडोद्यानंतर हमीदा बानूंनी जाहीर केले, की आता आपण युरोपात जाऊन तेथील पैलवानांशी लढणार. त्यानंतर त्या वर्तमानपत्रांतून नाहीशा झाल्या. का, याचे उत्तर पुष्कळ वर्षांनी त्यांच्या जवळच्या माणसांनी दिले. त्यांच्या नातवाच्या सांगण्याप्रमाणे सलाम पहलवानांना हा युरोपचा बेत मान्य नव्हता. त्यांना थांबवण्यासाठी त्याने मारहाण करून त्यांचे हात मोडले. शेजारी राहिलेल्या एकाने पाय मोडल्याचेही सांगितले आहे; हाडे जुळली, पण पुढे बरीच वर्षे त्यांना काठीशिवाय धड चालता येत नव्हते. या दोघांचे नाते काय होते याविषयीही एकवाक्यता नाही. सलाम पहलवानाची मुलगी त्यांना आपली सावत्र आई म्हणते, म्हणजे लग्न झाले होते असे तिचे म्हणणे. शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिलेल्या नातवाला ते मान्य नाही. निकाहनाम्याचा वाद आपण सोडवू शकत नाही. पण ज्या बाईला मैदानात पुरुषांनी पाडले नाही म्हणून तिचे नाव झाले, तिला घरात एका पुरुषाने पाडले, आणि तेथे पंच नव्हता, प्रेक्षक नव्हते, दगड मारणारेही कोणी नव्हते.

आपण आपल्या इतिहासातल्या स्त्रिया शोधतो तेव्हा रझिया सुलताना सापडते, अहमदनगरची चाँदबीबी सापडते, अलीकडे फातिमा शेख यांच्यावर चांगले लेखन झाले आहे. राणी चालते, शिक्षिका चालते. तिकीट लावून, लंगोट कसलेल्या पुरुषांसमोर उभी राहणारी बाई मात्र आपल्याला अडचणीची वाटते. परदानशीन घरांमध्ये तिचे नाव घेणे कठीण आणि बाहेर तिची कुस्ती खोटी ठरलेली. उर्दू साहित्यात मला तिचा एक पत्ता सापडतो तो कुर्रतुल-ऐन हैदर यांच्या 'डालनवाला' या कथेत. त्यातला फकीरा नावाचा घरगडी तिची कुस्ती पाहून येतो आणि तिला कोणी हरवू शकले नाही अशी खबर घरी आणतो. एवढाच उल्लेख. मोठ्या लेखिकेने तो नोकराच्या तोंडी घातला हे मला महत्त्वाचे वाटते. हमीदा बानूंचे चाहते त्याच वर्गातले होते.

तुलनेसाठी खाशाबा जाधव आठवतात. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. जायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. ते हौशी कुस्तीगीर होते, पोलीस खात्यात नोकरीला लागले. तरीही १९८४ मध्ये अपघातात जाईपर्यंत सरकारने त्यांची नीट दखल घेतली नाही आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पदक असलेल्या मराठी माणसाची ही गत, तर पदकच नसलेल्या खेळात आयुष्य घालवलेल्या हमीदा बानूंना कोणी कोठे शोधावे? बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ साली. महाराष्ट्रात महिलांची 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा पहिल्यांदा झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीला, आणि प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. ज्या कोल्हापुरात दगड पडले तेथून सांगली हाकेच्या अंतरावर आहे.

सलाम पहलवान पुढे अलीगढला परतला. हमीदा बानू कल्याणला राहिल्या. दुधाचा धंदा होता, थोडी घरे भाड्याने दिलेली होती, त्यावर चाले. उत्पन्न आटले तेव्हा त्या घरी खाण्याचे पदार्थ करून रस्त्याच्या कडेला बसून विकत. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ही बाई कोण? १९८६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी वर्तमानपत्रांत त्यांच्या नावाचा पुकारा होऊन बत्तीस वर्षे झाली होती.